स्टेडियमवर कुठला झेंडा न्यायचा?

मंडळी, परदेशी राहणाऱ्या मराठी घरातलं कपाटावरचं सामान कुणी खाली काढलं, तर गणपतीच्या मखराचे तुकडे, वर्षानुवर्षं न वापरलेला सोऱ्या, मुलांच्या स्नेहसंमेलनातली कागदी ढाल-तलवार असल्या वस्तूंबरोबर दोन झेंडे हमखास निघतील. एक तिरंगा, १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीचा. दुसरा भगवा, शिवजयंतीचा आणि लेझीमच्या मिरवणुकीचा. आम्ही दोघं कतारमध्ये आलो त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. या काळात तीन घरं बदलली, पण हे दोन झेंडे दर वेळी आमच्याबरोबर नव्या कपाटावर चढले. ते तिथे शेजारी-शेजारी गुण्यागोविंदाने राहत होते. त्यांच्यावरून आमच्या मित्रमंडळींत चांगली दोन तास चर्चा होईल, चहाचे तीन आधण होतील आणि शेवटी एका वहिनींच्या डोळ्यांत पाणी येईल, असं आम्हाला कधी वाटलं नव्हतं. पण झालं खरं. आणि झालं ते फुटबॉलच्या मॅचवरून!

तो वाद सांगण्याआधी थोडं मागे जायला हवं. २०२२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये फुटबॉलचा वर्ल्ड कप आमच्या दारात आला. बत्तीस देश, आठ स्टेडियम, चौसष्ट सामने. देश एवढासा, त्यामुळे सगळी स्टेडियम्स दोह्याच्या आसपासच. मेट्रोत बसावं तर डब्यात मेक्सिकोच्या टोप्या, मोरोक्कोचे ढोल, जपानचे शिस्तीत गुंडाळलेले झेंडे. आमच्या धाकट्याने त्या महिन्यात जेवढे झेंडे पाहिले तेवढे भूगोलाच्या पुस्तकातही नसतील. आणि त्या महिन्यातच आमच्या लक्षात आलं, की झेंडा ही वाटते तेवढी साधी वस्तू नाही.

पहिल्याच आठवड्यात हाताला बांधायच्या पट्टीवरून रण पेटलं. इंग्लंड, वेल्स, जर्मनी वगैरे सात युरोपीय देशांचे कर्णधार 'वन लव्ह'ची रंगीत पट्टी बांधून उतरणार होते. बांधली तर यलो कार्ड मिळेल, असं फिफाने बजावलं आणि २१ नोव्हेंबरला सातही देशांनी तो बेत सोडला. दोन दिवसांनी जर्मनीच्या खेळाडूंनी सामन्याआधीच्या फोटोत हाताने तोंड झाकून निषेध नोंदवला (आणि मग जपानकडून हरले). वेल्सच्या काही प्रेक्षकांच्या इंद्रधनुषी टोप्या गेटवर काढून घेतल्या गेल्या. त्यातच एक अजब प्रकार घडला. ब्राझीलच्या एका पत्रकाराकडे पेर्नांबुको या त्याच्या राज्याचा झेंडा होता. त्या झेंड्यावर सूर्य आहे, तारा आहे, क्रॉस आहे आणि एक इंद्रधनुष्यही आहे. १८१७ साली तिथे पोर्तुगीज राजवटीविरुद्ध उठाव झाला, त्याची ती आठवण. लुसैल स्टेडियमबाहेर लोकांना त्यातलं फक्त इंद्रधनुष्य दिसलं, आणि बिचाऱ्याचा झेंडा हिसकावला गेला. तो सांगत होता एक, बघणारे वाचत होते दुसरंच.

मग २५ तारखेला वेल्स आणि इराणचा सामना अहमद बिन अली स्टेडियमवर झाला. काही इराणी प्रेक्षकांनी सिंह-सूर्याचा जुना झेंडा आणला होता, १९७९ च्या क्रांतीआधीचा. तो गेटवर अडवला गेला. एकाच देशाचे दोन झेंडे, एकाच संघाचे पाठीराखे, आणि एकमेकांकडे बघवत नाही अशी अवस्था. सर्बियाच्या संघाने आपल्या ड्रेसिंग रूममध्ये कोसोव्होला सर्बियाच्या नकाशात दाखवणारा झेंडा लावला, त्यापायी फिफाने त्यांना २०,००० स्विस फ्रँकचा दंड केला. याउलट पॅलेस्टाइनचा झेंडा मात्र सगळीकडे दिसत होता. ६ डिसेंबरला मोरोक्कोने स्पेनला पेनल्टीवर हरवलं, तेव्हा खेळाडूंनी तो मैदानातच फडकवला. युरोपात याच झेंड्यापायी स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबला २०१६ मध्ये दंड झाला होता. म्हणजे कापड तेच, मैदान बदललं की अर्थ बदलतो.

आमच्या भारतीयांचाही एक किस्सा त्यात होता. स्पर्धेआधी इथले केरळी बंधू अर्जेंटिना, ब्राझील, इंग्लंडचे जर्सी घालून, झेंडे घेऊन, ढोल वाजवत मिरवणुकीने निघाले. परदेशी वर्तमानपत्रांना वाटलं, ही पैसे देऊन आणलेली माणसं असणार! इंग्लंडचा झेंडा आणि हातात धरणारा मल्लू, हे त्यांच्या पचनी पडेना. आता त्यांना कोण सांगणार, की मलबारातल्या गावांत अर्जेंटिना-ब्राझीलवरून वर्षानुवर्षं भांडणं चालतात! केरळ कशाला, आपलं कोल्हापूर घ्या. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर भिडले, की पेठापेठांत जे वातावरण तापतं ते बघितलेल्या माणसाला लुसैलमध्ये नवं काही वाटणार नाही. आमच्या 'ह्यां'चं आजोळ कोल्हापूरचं. त्यामुळे घरात हे ज्ञान विनामूल्य आणि न मागता मिळतं.

असो. आता मुद्द्याकडे येतो.

जानेवारी २०२४ मध्ये एशियन कप कतारमध्ये झाला आणि त्यात आपला भारत होता. तीन सामने ठरले. १३ तारखेला ऑस्ट्रेलिया, १८ ला उझबेकिस्तान, २३ ला सीरिया. पहिला सामना शनिवारी दुपारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी. आमच्या ओळखीतल्या सात-आठ कुटुंबांनी एकदम तिकिटं काढली. मेट्रोच्या ग्रीन लाइनने अल रिफाला उतरायचं, डबे घरून खाऊनच निघायचं, मुलांच्या गालांवर तिरंगा रंगवायचा, सगळं ठरलं. आदल्या आठवड्यात गुरुवारी रात्री सगळे आमच्याकडे जमले. आणि आमच्यातल्या एका उत्साही काकांनी विचारलं, "भगवा कोण आणणार?"

क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग सगळे एकदम बोलायला लागले.

काकांचं म्हणणं सरळ होतं. इंग्लंडचे लोक आपल्या झेंड्यावर गावाचं नाव लिहून आणतात, ब्राझीलवाले राज्याचा झेंडा आणतात, मग आपण महाराजांचा झेंडा का नाही न्यायचा? लाज वाटते काय? दुसरे एक भाऊ म्हणाले, "लाजेचा प्रश्नच नाही हो, पण तिथे आपण भारत म्हणून जातोय. उद्या प्रत्येकाने आपापल्या राज्याचा नाही तर पक्षाचा आणला, तर तिरंगा दिसायचा कुठे?" काका उसळले, "भगवा पक्षाचा नाही! तो शिवरायांचा आहे, वारकऱ्याच्या खांद्यावरच्या पताकेचा आहे." भाऊंनी शांतपणे उत्तर दिलं, "ते तुम्हाला माहीत आहे आणि मला माहीत आहे. पलीकडच्या ओळीत बसलेल्या माणसाला तो काय दिसेल?" त्यावर आम्हाला तो पेर्नांबुकोवाला पत्रकार आठवला.

गंमत म्हणजे याच भाऊंनी मागच्या वेळी आणलेल्या तिरंग्यावर मोठ्ठ्या अक्षरांत 'सातारा' लिहिलेलं होतं. आमच्या थोरलीने, जी हल्ली सगळ्यांना कायदा शिकवते, तिथल्या तिथे सांगून टाकलं, की २००२ च्या ध्वजसंहितेप्रमाणे तिरंग्यावर कसलीही अक्षरं लिहिता येत नाहीत. भाऊ जरा ओशाळले, हशा पिकला, आणि वाद मिटेल असं वाटलं. पण मिटला नाही. कारण बैठकीत दोन माणसं अजून बोललेली नव्हती.

एक आमच्या बेळगावच्या वहिनी. आणि दुसरे आमचे शेजारी, धारवाडचे. त्यांची मातृभाषा कानडी, पण मराठी आपल्याइतकंच सफाईने बोलतात. आमची मुलं लहानपणापासून त्यांच्या घरी जेवतात-झोपतात. त्या दिवशीही ते मुलाला घेऊन आले होते, कारण तिकिटं एकत्रच काढली होती. काकांनी भगव्याचा विषय काढल्यावर त्यांचा मुलगा सहज बोलून गेला, "अंकल, मग मी पण आमचा लाल-पिवळा आणतो."

खोलीतली हवा बदलली. वहिनी उठून स्वयंपाकघरात गेल्या.

ज्यांना बेळगावचं दुखणं ठाऊक नसेल अशा आपल्या इथे वाढलेल्या मुलांसाठी थोडं सांगतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव आणि आसपासचा मराठी मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला, तो महाराष्ट्राने मान्य केला नाही. महाराष्ट्राने ८६५ गावांवर हक्क सांगितला आहे आणि २००४ पासून तो दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. १ नोव्हेंबरला कर्नाटकात राज्योत्सव असतो, त्याच दिवशी बेळगावातला मराठी माणूस काळा दिन पाळतो. एका बाजूला लाल-पिवळे झेंडे, दुसऱ्या बाजूला भगवे. डिसेंबर २०२० मध्ये बेळगाव महापालिकेच्या इमारतीसमोर लाल-पिवळा झेंडा उभारला गेला, त्यावरून केवढं वादळ उठलं! आणि वर्ल्ड कप इथे रंगात आला होता तेव्हाच, ३० नोव्हेंबर २०२२ ला, बेळगावातल्या एका कॉलेजच्या महोत्सवात एका विद्यार्थ्याने नाचताना लाल-पिवळा झेंडा फडकवला म्हणून त्याला इतर मुलांनी मारहाण केली. पुढच्या आठवड्यात, ६ डिसेंबरला, बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळं फासलं गेलं. इथे त्याच दिवशी मोरोक्कोचे लोक रस्त्यात नाचत होते आणि आम्ही त्यांच्याबरोबर टाळ्या वाजवत होतो.

वहिनी परत आल्या आणि म्हणाल्या, "मला कुणाशी भांडायचं नाही. पण तुम्हाला भगवा म्हणजे शिवजयंतीचा एक दिवस. आमच्या घरी तो आमच्या भाषेसाठी होता. माझे वडील आयुष्यभर दर १ नोव्हेंबरला दंडाला काळी फीत बांधून फेरीला जायचे. परत आले की फीत घडी करून देव्हाऱ्याच्या खणात ठेवायचे. दुकानाची पाटी कुठल्या भाषेत, सरकारी कागद कुठल्या भाषेत, यात त्यांचा जन्म गेला. तो झेंडा गैरसोयीचा आहे म्हणून घरी ठेवा, असं कुणी म्हटलं की मला त्रास होतो." एवढं बोलून त्यांनी डोळे पुसले.

आमचे धारवाडचे शेजारी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वहिनी, तुमच्या वडिलांना कुणी नावं ठेवली तर मी ऐकून घेणार नाही. पण आमच्याही आईने हळद-कुंकवाचे रंग म्हणूनच तो झेंडा आम्हाला शिकवला. म. राममूर्तींनी तो केला तेव्हा बंगळुरात कानडीला कोण विचारत होतं? आम्हालाही तेच दुःख होतं. तुमचं बेळगावात, आमचं बंगळुरात."

मंडळी, त्या वाक्यानंतर आमच्या लक्षात आलं, की समोरासमोर उभ्या राहणाऱ्या या दोन झेंड्यांच्या पोटात एकच भीती आहे, आपली भाषा आपल्याच गावात परकी होईल याची. हळद-कुंकू तर दोघांच्याही देव्हाऱ्यात. पंढरीच्या आपल्या विठ्ठलाला आपणच कानडा म्हणतो, आणि कानडीचे थोर कवी द. रा. बेंद्रे, ज्यांना ज्ञानपीठ मिळालं, त्यांच्या धारवाडच्या घरात बोलायची भाषा मराठी होती. पण याने सीमाप्रश्न सुटत नाही, हेही खरं. गोड गोड बोलून वहिनींच्या वडिलांची चाळीस वर्षं पुसली जात नाहीत.

मग आमच्या थोरलीने फोन लावला अमेरिकेला, अटलांटाजवळ राहणाऱ्या आमच्या भाच्याला. त्याची मुलं तिथल्या हायस्कुलात जातात, शुक्रवारी रात्री फुटबॉलला (म्हणजे त्यांच्या अंडाकृती चेंडूच्या फुटबॉलला) जातात. त्याने सांगितलं ते ऐकण्यासारखं होतं. अमेरिकेच्या दक्षिणेत १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धातला कॉन्फेडरेट झेंडा अनेक वर्षं फुटबॉलच्या मैदानांवर फडकत असे. गुलामगिरी टिकवायला लढलेल्या फौजेचा तो झेंडा. नेणारे म्हणत, हा आमच्या पूर्वजांचा वारसा. पण त्याच मैदानावर खेळणाऱ्या काळ्या मुलांना तो काय सांगत असेल? मिसिसिपी विद्यापीठाने १९९७ साली स्टेडियममध्ये काठ्या आणायला बंदी केली. झेंड्यावर बंदी नाही, नुसती काठीवर! पण काठीच नाही म्हटल्यावर झेंडे आपोआप उतरले. मिसिसिपी राज्याच्या स्वतःच्या झेंड्याच्या कोपऱ्यातही १८९४ पासून तेच चिन्ह होतं. जून २०२० मध्ये कॉलेज फुटबॉलच्या संघटनेने सांगितलं, झेंडा बदला, नाही तर मोठ्या स्पर्धा तुमच्याकडे होणार नाहीत. कायलिन हिल नावाच्या खेळाडूने जाहीर केलं, झेंडा बदलला नाही तर मी या राज्यासाठी खेळणार नाही. महिना संपायच्या आत तो झेंडा कायद्याने खाली आला आणि नोव्हेंबरमध्ये लोकांनी मॅग्नोलियाच्या फुलाचा नवा झेंडा मतदानाने निवडला.

काका लगेच म्हणाले, "आमच्या भगव्याची तुलना त्या गुलामगिरीच्या झेंड्याशी करता?" छे! तशी तुलना आम्हीही करणार नाही आणि कुणी केली तर मान्यही करणार नाही. भगव्याखाली कुणाला गुलाम करायचं युद्ध झालं नाही. भाचा सांगत होता ते निराळं. नेणाऱ्याच्या मनात काय आहे एवढ्याने झेंड्याचा हिशेब पुरा होत नाही. त्याच्यासमोर कोण उभं आहे, आणि त्याला तिथून उठून जाता येतं का, हेही बघावं लागतं. मैदानावर खेळणाऱ्या मुलाला उठून जाता येत नव्हतं. बेळगावच्या कॉलेजात मार खाणाऱ्या मुलालाही नाही. आणि सरकारी कचेरीसमोर रोज दुसऱ्याचा झेंडा बघणाऱ्या बेळगावच्या मराठी माणसालाही नाही. झेंडा आपल्या अंगणात लावला तर ती ओळख. दुसऱ्याच्या दारात रोवला तर ती मालकी. आणि दुसऱ्याच्या तोंडासमोर नाचवला तर तो टोमणा. कापड तिन्ही वेळा तेच.

आणि आपलं इथलं अंगण तरी कुठलं? कतारमध्ये आपण भारतीय सात लाखांवर, पण सगळे राहण्याच्या परवान्यावर. नोकरी आहे तोवर घर आहे. ज्यांच्या घरी पाहुणे म्हणून राहतो, त्यांच्या ओसरीवर आपली घरची भांडणं नेऊ नयेत, हे आपल्याला लहानपणीच शिकवलेलं असतं. ही भीती नव्हे, ही रीत. २०२२ मध्ये गेटवर जे जे अडवलं गेलं ते सगळं बरोबर होतं असं आमचं म्हणणं नाही. त्यावर आमच्या घरातच दोन मतं आहेत आणि थोरलीचं मत आमच्यापेक्षा ठाम आहे. पण तिकिटाबरोबर राजकीय झेंडे न आणण्याची अट आपण मान्य केलेली असते, तर राजकारण कशात दिसू शकतं याचा विचार आपणच आधी करावा.

त्या रात्री शेवटी ठरलं ते असं. स्टेडियमवर फक्त तिरंगा, तोही कोरा, 'सातारा' न लिहिलेला. वहिनी म्हणाल्या, "मी मान्य करते, पण कारण नीट बोला. भगवा अडचणीचा आहे म्हणून नाही. शनिवारी आपण भारत म्हणून जातोय, म्हणून." आम्ही सगळ्यांनी ते कारण तसंच मान्य केलं. धारवाडकरांच्या मुलाने लाल-पिवळा आणला नाही. त्याला कुणी सांगावं लागलं नाही. काका थोडे नाराज झाले आणि आजही आहेत. त्यांचं म्हणणं, की असं एकेक पाऊल मागे घेत गेलो तर एक दिवस झेंडा कपाटावरच राहील. त्यात तथ्य नाही असं आम्ही म्हणणार नाही. म्हणूनच दुसरंही ठरलं, की फेब्रुवारीत शिवजयंतीला भगवा नेहमीपेक्षा थाटात लावायचा, मुलांना तो कशासाठी हे नीट सांगायचं आणि धारवाडकरांना आग्रहाने बोलवायचं. ते फेटा बांधून आले.

नोव्हेंबरमध्ये त्यांनी आम्हा सगळ्यांना त्यांच्या राज्योत्सवाला बोलावलं. आम्ही दोघं गेलो. वहिनींनी आधीच त्यांना भेटून सांगितलं, "भाऊ, १ नोव्हेंबरला मला येता येणार नाही. का, ते तुम्हाला माहीत आहे." ते म्हणाले, "मग २ तारखेला जेवायला या." त्या गेल्या. जोळद रोटी आणि बदनेकाई पल्याची, म्हणजे आपल्या भाकरी आणि वांग्याच्या भाजीची चव आम्हाला त्यांच्याकडूनच कळली.

सामन्याचं विचाराल, तर अहमद बिन अली स्टेडियम तिरंग्यांनी भरून गेलं होतं. मध्यंतरापर्यंत ऑस्ट्रेलियाला आपल्या पोरांनी गोल करू दिला नाही, तेव्हा वाटलं होतं आज चमत्कार होतो. पण शेवटी २-० ने हरलो. पुढचे दोन्ही सामनेही हरलो, आणि तीन सामन्यांत आपला एकही गोल झाला नाही. तरी मल्याळी, तमिळ, बंगाली, पंजाबी सगळे एका सुरात छेत्रीच्या नावाने ओरडत होते. त्याच स्पर्धेत पॅलेस्टाइनचा संघ पहिल्यांदाच बाद फेरीत गेला. उद्घाटनाच्या वेळी कतारच्या कर्णधाराने शपथ घेण्याचा आपला मान पॅलेस्टाइनच्या कर्णधाराला दिला होता. आपल्या झेंड्याखाली उभं राहायला मैदान मिळणं ही काय चीज आहे, हे त्या वेळी त्या लोकांच्या चेहऱ्यावर आम्ही टीव्हीवर पाहिलं.

आमचा धाकटा इथेच जन्मला. १८ डिसेंबरला, कतारच्या राष्ट्रीय दिनी, तो आमच्या गाडीवर मरून-पांढरा झेंडा लावतो आणि त्याच्या नऊ टोकांचा अर्थ आम्हालाच समजावतो. घरात तिरंगा, कपाटावर भगवा, गाडीवर अदाम अर्थात कतारचा मरून. परवा त्याने विचारलं, "यातला आपला कुठला?" आम्ही सांगितलं, तिरंगा आपला, भगवा आपल्या घराचा, आणि मरून ज्यांनी आपल्याला जागा दिली त्यांचा. त्याचं समाधान झालं की नाही कोण जाणे. पुढे हा कुठल्या देशात जाऊन राहील आणि तिथे याच्यासमोर कुठला झेंडा येईल, आपल्याला काय माहीत? तेव्हा त्याला आपला झेंडा ताठ मानेने धरता यावा, आणि समोरच्याच्या हातातल्या झेंड्यामागचं दुखणंही वाचता यावं, एवढी आमची इच्छा आहे.

तुमच्या गावच्या मंडळात असा प्रश्न कधी आला का? आला असेल तर काय ठरलं, आणि काकांसारखं कोण नाराज राहिलं, ते जरूर लिहून कळवा. काकांना तुमची पत्रं वाचून दाखवायची जबाबदारी आमची.